दोन आजोबा, दोन आज्या

राजाराम ठोसरांची कंबर दिवाळीच्या आधी दुखायला लागली, तेव्हा त्यांनी दोष गादीला दिला. नवी गादी आली, दुखणं तसंच राहिलं. मग त्यांनी दोष स्कूटरला दिला. रेल्वेच्या आलमबागच्या कारखान्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. जुने डबे दुरुस्त करवून पुन्हा रुळावर पाठवायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते वऱ्हाडात, अचलपूरला परत गेले नाहीत. लखनौतच, आलमबागमध्ये घर बांधून राहिले. सत्तरी ओलांडली तरी सब्जी आणायला स्वतः जायचे आणि "भैया, ये भिंडी कल की है" म्हणून ठेलेवाल्याशी हुज्जत घालायचे.

रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. सुलभाताईंना ते कळत होतं, पण असल्या गोष्टी त्या घरात बोलल्या जात नसत. पार्कात फिरायला येणारे मित्र मात्र मोकळे होते. त्यांच्यातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "अरे ठोसर साहब, प्रोस्टेट का कैंसर गोरों की बीमारी है। हल्दी खाने वालों को नहीं होता।" राजारामना ते पटलं. पटण्यात सोय होती.

जानेवारीत एका सकाळी त्यांना पलंगावरून उठता येईना. त्यांची एकुलती मुलगी वसुधा त्याच शहरात राहायची. एका संशोधन संस्थेत ती औषधी वनस्पतींच्या जनुकांवर काम करायची. नवरा समीर केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीमुळे दिल्लीला. इथे ती आणि कॉलेजात शिकणारी वेदिका. वसुधाने वडिलांना उचलून गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. एक्स-रे झाला, रक्त गेलं, सुईने तुकडा काढून तपासायला गेला.

डॉक्टर रिज़वी हळू बोलणारे गृहस्थ होते. वाईट बातमी सांगताना ते टेबलावरचं पेन बाजूला ठेवायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. "ठोसर साहब, बीमारी प्रोस्टेट से निकलकर रीढ़ की हड्डी तक पहुँच चुकी है।"

राजारामनी समोरचा कागद जवळ ओढून बघितला. मग म्हणाले, "लेकिन हमारे लोगों में तो यह होता नहीं?"

"कम होता है," डॉक्टर म्हणाले. "यूरोप-अमरीका से कम। अफ़्रीकी मूल के मर्दों में सबसे ज़्यादा। कुछ वजह ख़ून में है, कुछ रहन-सहन में, कुछ इसमें कि कहाँ कितनी जाँच होती है। पूरा हिसाब अभी किसी के पास नहीं। मगर कम होने का मतलब यह नहीं कि होता ही नहीं। और हमारे यहाँ लोग आते देर से हैं।"

इंजेक्शनं सुरू झाली. या गाठी पुरुषी हार्मोनवर वाढतात, ते हार्मोनच बंद करणारी ती औषधं. महिन्याभरात कंबर हलकी झाली, राजाराम काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. पण हे औषध कधी ना कधी थकतं, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. ते थकल्यावर पुढे काय, ते ठरवायला त्यांनी राजारामच्या रक्ताची जनुकीय तपासणी करायला सांगितली.

त्या तपासणीचं उत्तर घेऊन वसुधा संध्याकाळी आईवडिलांकडे आली. सुलभाताईंनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत त्या टेबलाशी येऊन बसल्या.

"बीआरसीए-टू नावाचं एक जनुक असतं," वसुधा म्हणाली. "पेशीतली मोडतोड दुरुस्त करणारं. ते बिघडलं की बायकांना स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो आणि पुरुषांना हा. तुमच्या त्या जनुकात एक अक्षर वेगळं आहे, बाबा."

"म्हणजे बिघाड आहे."

"तेच तर माहीत नाही. त्यांनी लिहिलंय, अर्थ अनिश्चित."

"अनिश्चित?" राजाराम चिडले. "कारखान्यात असा रिपोर्ट कुणी दिला असता तर मी परत पाठवला असता. चाकाला तडा आहे किंवा नाही. मधलं काय असतं?"

वसुधाने जरा विचार केला. "बाबा, तुम्ही शहराचं नाव मराठीत कसं लिहिता?"

"लखनौ."

"आणि इथल्या पाट्यांवर?"

"लखनऊ."

"ज्याने जन्मभर फक्त लखनऊ वाचलंय, त्याला तुमचं लखनौ दाखवलं तर तो म्हणेल, शब्द चुकलाय. खरंच चुकलेलाही असू शकतो, किंवा ती दुसऱ्या मुलखाची पद्धत असेल. हे वेगळं अक्षर ज्यांच्याशी ताडून बघतात ना, ती बहुतेक युरोपातल्या लोकांची माहिती आहे. आपली माणसं त्यात मूठभर. त्यांना हे अक्षर नवं दिसलं. ते वाईट आहे की नुसतं आपल्याकडचं आहे, हे सांगायला त्यांनी आपल्याला पुरेसं वाचलेलंच नाही."

"चाळीस वर्षं झाली या गावात," राजाराम म्हणाले. "आता रक्तालासुद्धा मूळ गाव विचारतायत."

सुलभाताईंनी मुद्द्याचं विचारलं. "ते वाईट ठरलं तर काय आणि नाही ठरलं तर काय?"

"वाईट ठरलं तर एक औषध आहे. खास अशाच बिघाडावर चालणारं. इंजेक्शनं थकली की ते देता येईल. नाही ठरलं तर ते औषध नाही. बाकीची आहेत, पण ते नाही."

"मग वाईटच ठरू दे," सुलभाताई म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकल्या.

वसुधाने त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. तिने स्वतःचंही रक्त दिलं होतं. तेच अक्षर तिच्यातही निघालं होतं. वेदिकेत ते असण्याची शक्यता निम्मी.

पुढचे काही आठवडे तिचे विचित्र गेले. ते अक्षर वाईट ठरलं तर बाबांना औषध मिळणार होतं. वाईट ठरलं नाही, तर ती आणि तिची मुलगी सुटणार होत्या. सकाळी देवापुढे हात जोडायची तिची सवय होती. हात जुळायचे, पण मागायचं काय ते सुचायचं नाही. समीर फोनवर म्हणाला, "तू बाबांसाठी माग. बाकीचं आपण बघू." त्याला ते सोपं होतं. वेदिका समोर बसून केस विंचरत असायची, आणि वसुधाच्या मनात बाबांचं नाव येता येता थांबायचं. मग तिला स्वतःची किळस यायची.

डॉक्टर रिज़वींनी एक वाट सुचवली. घरात आणखी कुणाला हा रोग झाला असेल, तर त्याच्या रक्तात तेच अक्षर सापडतं का ते बघायचं. सापडलं तर संशय वाढतो, नाही सापडलं तर कमी होतो.

"ख़ानदान में किसी और को?" त्यांनी विचारलं.

"किसी को नहीं," राजाराम म्हणाले.

बाहेर आल्यावर वसुधाने विचारलं, "आणि काका?"

"त्याचं मला ठाऊक नाही," राजाराम म्हणाले आणि लिफ्टच्या दिशेने बघत राहिले.

राजारामचे थोरले भाऊ शशिकांत अचलपूरला असायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, जोडीला संत्र्याची बाग. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांची आई थंडीत गेली. राजाराम कळल्याबरोबर लखनौच्या चारबाग स्टेशनहून निघाले, पण धुक्याने गाडी झाशीच्या अलीकडेच अडकून पडली. आयुष्यभर रेल्वेची नोकरी केलेला माणूस गाडीतच बसून राहिला. ते घरी पोचले तेव्हा चिता विझली होती. शशिकांतनी थांबायला हवं होतं, एवढं एकच वाक्य राजाराम बोलले आणि तेराव्याच्या आत परत फिरले. त्यानंतर दोघा भावांत बोलणं नव्हतं. पुढे शशिकांतनी एकदा फोन केला, तेव्हा राजारामनी आवाज ओळखून रिसीव्हर खाली ठेवला होता.

वसुधाने चुलत भावाकडून, हर्षवर्धनकडून नंबर मिळवला. फोन विनयाकाकूंनी उचलला. आधी त्यांना पटेना की ही वसुधा आहे. मग त्या रडल्या, मग आंब्याला मोहोर कसा आलाय ते विचारायला लागल्या. वसुधाने बाबांचं आजारपण सांगितलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"काकू?"

"यांचंही तेच झालं होतं, बाई," विनयाकाकू म्हणाल्या. "प्रोस्टेटचंच. सहा-सात वर्षं झाली असतील. नागपूरला ऑपरेशन केलं. लवकर सापडलं म्हणून निभावलं. आता बरे आहेत."

वसुधा ऑफिसच्या व्हरांड्यात उभी होती. समोर माळी रोपांना पाणी घालत होता. तिला वाटलं, आपण हे ऐकलंच नसतं तर बरं झालं असतं. सख्ख्या भावाला हा रोग झालाय म्हटल्यावर दुसऱ्याचा धोका दुपटीने वाढतो, हे कुठल्याही डॉक्टरने सांगितलं असतं. वर्षातून एकदा एक साधी रक्ततपासणी. बाबांची कंबर दुखायच्या कितीतरी आधी ते कळलं असतं.

तिने वडिलांना ते सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच राहिला.

"सहा वर्षं?" त्यांनी विचारलं.

"सहा-सात."

"आणि मला कळवलं नाही."

"बाबा, तुम्ही त्यांचा फोन…"

"मला माहीत आहे मी काय केलं," राजाराम म्हणाले. त्यांनी उरलेली दाढी पूर्ण केली आणि तोंड धुतलं.

शशिकांतना रक्त नागपुरातही देता आलं असतं. वसुधाने तसं सांगितलंही होतं. पण मार्चच्या मध्याला ते एकटेच गाडीत बसले आणि चारबागला उतरले. अठ्ठ्याहत्तरीचा ताठ, काळासावळा माणूस, डोक्याला टोपी, आणि हमालाला हात लावू न देता स्वतः उचललेली संत्र्यांची पिशवी. वसुधा त्यांच्या पाया पडली. "तू तं माझ्या आईसारखी दिसून राहिली," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

घरी दोघा भावांची भेट कोरडी झाली. राजाराम खुर्चीतून उठायला लागले, तेव्हा "बस, बस" असं शशिकांत म्हणाले. राजाराम बसले. सुलभाताईंनी पाणी आणलं. "भाऊजी, प्रवास कसा झाला?" "चांगला झाला." संत्री फोडली गेली. वेदिकेने एक फाक तोंडात टाकून म्हटलं, "नाना जी, ये तो बहुत मीठे हैं!" शशिकांत हसले. "तुला मराठी येत नाही का गं?" "समझती हूँ सब," ती म्हणाली. त्यावर राजारामही किंचित हसले. पण दोघांनी एकमेकांशी थेट बोलणं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सगळे इस्पितळात गेले. शशिकांतचं रक्त घेऊन झालं, तेव्हा पूर्वा नावाची एक तरुण संशोधक त्यांच्यापाशी आली. तिथे उत्तर प्रदेशातल्या आणि बाहेरून येऊन राहिलेल्या पुरुषांच्या रक्ताचा अभ्यास चालू होता. हा रोग कुणाला जास्त होतो, कुणाला कमी, आणि का, ते बघायचं. बाकावर त्यांच्या शेजारी चौक भागातले, चिकनकारीचं भरतकाम करणारे एक वयस्कर कारागीर रक्त देऊन कोपर दाबून बसले होते. पूर्वाने दोघा भावांना विचारलं, त्यांचंही रक्त अभ्यासात घेतलं तर चालेल का.

"चालेल," राजाराम म्हणाले. "आमची माणसं कमी आहेत ना तुमच्याकडे."

"तो बताइए, आप लोग कहाँ के हैं?"

"महाराष्ट्र. वऱ्हाड. पक्के वऱ्हाडी."

पूर्वा हसली. तिने समजावलं की नुसतं राज्य पुरत नाही. दोन्ही आजोबा आणि दोन्ही आज्या कुठे जन्मल्या, ते हवं.

"वडिलांचे वडील अचलपूर," राजाराम म्हणाले. "वडिलांची आईही तिकडचीच."

"नाही," शशिकांत म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा भावाला उद्देशून हा पहिला शब्द. "ती बऱ्हाणपूरची."

"बऱ्हाणपूरची कशी? ती तर दर्यापूर म्हणायची."

"दर्यापूरला वाढली. जन्म बऱ्हाणपूरचा. तिचे वडील तिकडे सराफाकडे कामाला होते. तू लहान होतास."

"बरं. आईचे वडील अंजनगावचे."

"हो. अंजनगाव."

"आणि आईची आई…" राजाराम थांबले. त्यांना आठवेना. पूर्वा वाट बघत उभी होती.

"आदिलाबादकडची," शशिकांत म्हणाले. "तेलुगू बोलायची. आपल्या आईला पण यायची थोडी. तुला झोपवताना ती जे गाणं गुणगुणायची, ते तेलुगू होतं."

"मला वाटायचं ते निरर्थक आहे. नुसते आवाज."

"नाही. तेलुगू."

पूर्वाने आभार मानले आणि ती पुढच्या बाकाकडे गेली. दोघे भाऊ तसेच बसून राहिले. वसुधा थोडी दूर, खांबापाशी उभी होती. तिला जावं की थांबावं ते कळेना.

"शेवटी शेवटी आई तेच बोलायची," शशिकांत म्हणाले. "मराठी गेली तिची. दोन दिवस नुसतं तेलुगू. आम्हाला कुणाला काही समजत नव्हतं. तुझं नाव तेवढं समजायचं."

राजाराम त्यांच्याकडे वळले. "आणि तरी तू थांबला नाहीस, दादा."

"नाही थांबलो."

"एक रात्र. एक रात्र थांबता आलं नसतं?"

"राजा, मी तुला खोटं सांगणार नाही. तुझी गाडी कुठे आहे, कुणी सांगेना. स्टेशनवर माणूस पाठवला होता. मोबाईल नव्हता तुझ्याकडे. बायाबापड्या सकाळपासून उपाशी बसलेल्या. पोटात पाणी भरलं होतं तिच्या, तुला ठाऊक नाही, देह राहण्यासारखा नव्हता. मी जे केलं ते बरोबर केलं. आजही तेच करीन. पण तुला ते सांगायला मी लखनौला यायला पाहिजे होतं. त्याच आठवड्यात. फोन करून मोकळा झालो, अन् तू ठेवला, तं मीपण ठेवला."

"मला तिच्या पोटाचं माहीत नव्हतं," राजाराम म्हणाले.

"कसं माहीत असणार?"

"आणि तुझं? ऑपरेशनचं?"

"ते कोणाला सांगायची गोष्ट आहे का, बाप्पा?" शशिकांत म्हणाले. "लंगोटाखालचं दुखणं. मी पोराला पण मूतखडा सांगितला होता."

राजाराम एकदम हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना. शशिकांतनी आपली टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भावाच्या पाठीवर, दुखऱ्या जागेच्या वर, जपून हात ठेवला.

शशिकांत दोन दिवसांसाठी आले होते, ते महिनाभर राहिले. उत्तर येईपर्यंत जात नाही म्हणाले. सकाळी दोघे काठ्या घेऊन गल्लीत फिरायचे. हुसैनगंजपर्यंत मेट्रोने जाऊन परत यायचे, नुसतं बसायला. एकदा चौकात जाऊन कुल्फी खाऊन आले आणि सुलभाताईंचं बोलणं दोघांनी मिळून ऐकलं.

उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टर रिज़वींनी वसुधाला एकटीला बोलावलं होतं. शशिकांतच्या रक्तात ते अक्षर नव्हतं.

"अकेली इस बात से फ़ैसला नहीं होता," डॉक्टर म्हणाले. या वयात हा रोग कुणालाही कशामुळेही होऊ शकतो; एका भावात अक्षर आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावर ते निर्दोष ठरत नाही. पण तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेने दरम्यान भारतीय लोकांची नव्याने जमलेली माहितीही चाळली होती. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ठणठणीत, म्हाताऱ्या माणसांत ते अक्षर पुन्हा पुन्हा सापडत होतं. धोक्याचं असतं तर इतक्या निरोगी लोकांत ते निघालं नसतं. प्रयोगशाळेने आपलं मत बदललं होतं. बहुधा निरुपद्रवी.

"मग दोघांना हा रोग कशामुळे?" वसुधाने विचारलं.

"छोटी-छोटी सैकड़ों चीज़ें मिलकर, शायद। उन्हें जोड़कर ख़तरा नापने के जो तरीक़े हैं, वो भी ज़्यादातर दूसरों के ख़ून पर बने हैं। आप पर ठीक नहीं बैठते। सच पूछिए तो मालूम नहीं।" त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "वह दवा अब नहीं दी जा सकेगी। मुझे अफ़सोस है। और आपके लिए, आपकी बेटी के लिए, मुबारक।"

दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली. वसुधा बाहेर येऊन गाडीत बसली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, स्पष्ट, शरीराला जाणवेल असं उतरलं होतं. श्वास खोल जात होता. आणि त्या प्रत्येक श्वासाबरोबर तिला कळत होतं की बाबांचं एक दार आत्ता बंद झालंय. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडू आलं ते कशाचं होतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरी दोघे भाऊ ओट्यावर पेपर वाचत होते. तिने सगळं सांगितलं. औषधाचं सांगितलं. मग, आता लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून, स्वतःच्या तपासणीचंही सांगितलं.

राजारामनी पेपर खाली ठेवला. "तुझ्यात पण ते होतं? आणि तू हे दोन महिने घेऊन फिरत होतीस?"

"हो."

"आणि आम्ही इथे म्हणत होतो, वाईट ठरू दे." त्यांनी दारात उभ्या असलेल्या सुलभाताईंकडे बघितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

"बाबा, मला बरं वाटलं," वसुधा म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आधी मला बरं वाटलं. तुमचं औषध गेलं, आणि मला बरं वाटलं."

"मग?" राजाराम म्हणाले. "पोटची पोर असलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? इकडे ये." ती जवळ गेली. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि शशिकांतकडे बघत म्हणाले, "दादा, हिला सांग काहीतरी. मला बोलता येत नाही."

"मी गणिताचा मास्तर," शशिकांत म्हणाले. "मला काय येते?" पण त्यांनी संत्रं सोललं आणि पहिली फाक तिच्या हातावर ठेवली.

त्यानंतर राजारामनी जे केलं, त्याची घरात कुणी कल्पना केली नव्हती. त्यांनी फोन करायला सुरुवात केली. अमरावती, अकोला, पुणे, इंदूर. चुलत, आते, मावस, जिथे जिथे ठोसरांचा किंवा आईकडचा पुरुष पन्नाशीच्या पुढे होता, तिथे. ज्या माणसाने आपल्या लघवीची गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती, तो आता मोठ्या आवाजात विचारायचा, "रात्री किती वेळा उठतोस? लाजू नको. मी लाजलो, म्हणून आता असा बसलोय. आपल्या घरात दोघा भावांना झालंय. पीएसए करून घे. नुसतं रक्त द्यायचं आहे." कुणी ऐकून घ्यायचे, कुणी विषय बदलायचे. अकोल्याच्या मावसभावाने, विश्वजितने, "असलं अभद्र बोलू नकोस" म्हणून फोन बंद केला. राजारामनी त्याला पुन्हा फोन केला. त्यानेही पुन्हा बंद केला.

अचलपूरला हर्षवर्धनने वडिलांचं खरं दुखणं पहिल्यांदाच ऐकलं आणि तपासणी करून घेतली. त्याचं ठीक निघालं. दरवर्षी करत राहा, असं त्याला सांगितलं गेलं.

इंजेक्शनं पुढच्या दिवाळीपर्यंत चालली. मग थकली. दुसरी औषधं झाली. त्यांनी थोडे महिने दिले आणि बरीच ताकद घेतली. शशिकांत मधूनमधून येत राहिले, शेवटच्या वेळी विनयाकाकूंना घेऊन आले आणि शेवटपर्यंत राहिले. राजाराम फेब्रुवारीत, एका उन्हाच्या सकाळी गेले. थोरला भाऊ उशाशी बसून त्यांच्या कपाळावर हात फिरवत होता. गुणगुणत होता, शब्द त्याला येत नव्हते, चाल तेवढी येत होती.

चैत्रात फोन वाजला तेव्हा घरात सुलभाताई एकट्या होत्या. अकोल्याहून विश्वजित बोलत होता. राजा गेल्याचं उशिरा कळलं, म्हणाला. बाकीचं काही तरी बोलत राहिला. हवा, नातवंडं. मग अडखळला. "वहिनी, राजा मला सारखा फोन करायचा. मी… आता जरा त्रास व्हायला लागलाय. तुम्हाला कसं सांगावं… वसुधा आहे का घरात?"

वसुधा ऑफिस सुटल्यावर यायची. उभ्या आयुष्यात सुलभाताईंनी कुठल्याही पुरुषाशी हा विषय काढला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मला सांगा, विश्वजितभाऊ," त्या म्हणाल्या. "रात्री किती वेळा उठावं लागतं?"